टाळी

जाताना पाओलिना बायनं तीन गोष्टी दिल्या:
शिटी, रबरी कंगवा आणि ही फाइश्का.
"रोज दोन तास धावणं. चालणं नव्हे, धावणं,"
एवढं बजावून ती लिस्बनला लेकीकडे गेली.
मी एकावन्नचा. डाव्या गुडघ्यात
स्कूटरच्या अपघाताची जुनी पावती.

पहिल्या आठवड्यात फाइश्कानं खाल्लं:
उजवी चप्पल, पायपुसणं, विजेचं बिल,
पोस्टातला तारखेचा शिक्का, अर्धा मे महिना.
डॉक्टर शिंक्रे म्हणाले, "कंटाळलीय.
औषध नाही माझ्याकडे. शेत आहे का?"

शेत आहे. नेवऱ्याचं खाजन.
मानशीच्या फळ्यांमागे ओहोटीचं पाणी गुरगुरतं
तेव्हा आम्ही बांधावर. मी सायकलवर, ती पुढे.
लोक म्हणतात, वाऱ्यासारखी पळते.
वाऱ्याला नाक नसतं.

मधेच ती थांबते.
पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ,
नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ,
रेघेच्या पुढे गवतात कुठेतरी लावा.
पहिल्यांदा मी ओरडलो, चल!
पट्टा ओढला. तिनं असं पाहिलं
की आरती चालू असताना मी घंटा काढून घेतली.
दोन दिवस जेवली नाही.

मिंगेलची बंदूक आगशीच्या ठाण्यात.
दर निवडणुकीला जमा व्हायची, परत यायची.
एकदा निवडणूक झाली आणि आणायला मिंगेल नव्हता.
शिकार तर त्याच्याही आधी बंद.
मग ही थांबते कशासाठी?

रात्री लिस्बनला फोन लावला. तिकडे ऊन होतं.
"ताळी मार मरे एक," बाय हसली,
"मिंगेलूय निमाणें तेंच करतालो."

आता सायकल टेकवतो, वाकतो,
तिच्या रेघेवरून बघत जातो.
कधी लावा, कधी पाणकोंबडी.
एकदा काहीच नव्हतं, नुसतं ओलं गवत,
तरी वाजवली.
पक्षी उडतो. दिसेनासा होईपर्यंत ती बघते,
मग पाय खाली ठेवते.

घरी कान उलटून कोरडे करायचे,
बोटांमधले काटे, चिमट्यानं गोचीड,
तासभर दम, मगच भात
आणि काटे काढलेला बांगडा.
हे सगळं मी कॅलेंडरच्या मागे लिहिलंय,
उरलेल्या अर्ध्या मे महिन्यावर.

रात्री झोपेत तिचा पाय उचलला जातो
आणि तसाच राहतो.
मी अंधारात उठून बसतो,
शेजारी जागे होणार नाहीत
एवढीच वाजवतो.