दम धर

ये यादेर, इथं बस, भिंतीच्या आडोशाला.
जानेवारीचा वारा डोंगर उतरून आलाय,
आणि वाऱ्यात पेटवलेली सिगार
एकाच कुशीवर जळत जाते,
आजारी माणसासारखी.

मुलगी झाली म्हणे, पहाटे. तीन किलो दोनशे.
हॉस्पिटलपासून पळत आलास,
आणि ही कोणीतरी दिलेली,
रात्रभर वरच्या खिशात, पेनाशेजारी.
दाखव.
हं. सुकलीय जरा. मेली नाही.
आमच्याच कारखान्यातली. टोपी जाड बसवलीय,
म्हणजे ओरालियाच्या हातची.

एकोणचाळीस वर्षं या एस्तेलीत मी पानं वळली,
दिवसाला अडीचशे,
आणि एकही ओढली नाही.
हसतोस काय?
सुईणीनं काय सगळी पोरं
स्वतः जन्माला घालायची असतात?

अरे, दातानं नको!
ही घे माझी चावेता, झिजून झिजून
वाळल्या चंद्रकोरीएवढी राहिलेली.
टोपीची कड दिसते? तिच्या वरून.
नखाएवढंच.
खोल गेलास तर सगळं उसवेल
आणि घोटागणिक तोंडात चोथा.
चिमटून काय बघतोस?
बाजारातलं अव्होकाडो आहे का ते?

लायटर ठेव खिशात.
पेट्रोलचा वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही.
मेणबत्तीही नको, ती संतांसाठी.
काडी ओढ. थांब,
तिच्या डोक्यातलं गंधक आधी जळून जाऊ दे.
आता ज्योत खाली, सिगार वर,
मध्ये बोटभर जागा.
शिवू नको. फिरव. नुसती शेक दे.

आणि हे काय?
कोळशाचं इंजिन आहेस का तू?
दम मारायचा म्हणजे आधी दम धरायचा.
मिनिटाला एक, फार तर.
मधल्या वेळात काही करायचं नाही.
हेच कोणाला जमत नाही.
आमच्या फेलिसियानोला शेवटपर्यंत जमलं नाही.
भकाभका ओढायचा, सिगार तापायची, कडू व्हायची,
मग तो पानाला शिव्या घालायचा.
मी गप्प.
पान मी वळलेलं असायचं.

धूर गिळू नको.
तोंडात ठेव, घोळव, सोड.
आईला अजून फोन केला नाहीस ना?
ती बातमी कशी ठेवलीयस जिभेवर,
तसा.

तुझा रंग का उतरला?
सकाळपासून पोटात काय आहे?
काही नाही!
ठेव ती खाली. ठेव, पळत नाही.
उपाशी माणसाला सिगार आडवं करते.
हा भात-राजमा, कालचा आहे, थंड आहे,
खा.

बघ, तू खात होतास तेवढ्यात
केवढी राख धरली तिनं.
झटकू नको. ही राख राखायची असते,
तीच आतला विस्तव निववते.
तिची वेळ झाली की ती पडेल.
पडली बघ, माझ्याच मांडीवर.
असू दे, हा परकर अशाच कामाचा.

एक विचारू?
हातात घेतलंस का तिला?
…
घाबरलास.
पडेल म्हणून? मोडेल म्हणून?
यादेर, मघापासून तू तिला
दोन बोटांत धरली होतीस, सैल,
चिमटली नाहीस, सोडलीही नाहीस.
नाही, नाही, सिगार आणि लेक एक नव्हे,
मी म्हातारी झाले, काहीही बोलते.
पण बोटं तीच आहेत ना.

अर्धीच झाली? मग अर्धीच.
चिरडू नको, वास घरभर बसतो.
दगडावर टेकव, आपोआप विझेल.
आणि उरलेली आठवण म्हणून खिशात घालू नको.
उद्या पेटवलेली कालची सिगार
ओल्या चुलीची चव देते.

जा आता. हात धू, कोपरापर्यंत, दोनदा.
चूळ भर. शर्ट बदल, घरून दुसरा घे.
तिला पहिला वास तुझा येऊ दे,
माझा नको.

आणि चालत जा.
चालत म्हटलं, यादेर!

पळाला.