भूल

सूरला ती उतरली तेव्हा
तिथं भूल द्यायला कोणी नव्हतं.
चौघे धरायचे, पाचवा कापायचा.

डॉक्टर सित्तना अल्-तोम. अत्बराची.
बाप रेल्वेच्या इंजिनात कोळसा ओढणारा.
तिच्या गालांवर तीन-तीन उभ्या रेघा, लहानपणी पाडलेल्या.
तेव्हा तुम्हाला कोणी भूल दिली का, मी विचारलं.
"हातात खजूर दिला होता," म्हणाली.

इथर पस्तीस अंशांना उकळतो.
सूरमध्ये जूनच्या सकाळी आठलाच चाळीस.
म्हणून मी पहाटे मासळीच्या धक्क्यावरून बर्फ आणायचो,
गोणपाटात बाटली पुरायचो,
आणि ऑपरेशनच्या खोलीत
इथरच्या आत कुठेतरी सुरमईचा वास यायचा.
मला निवतीचा किनारा आठवायचा.
तिला काय, ते तिनं कधी सांगितलं नाही.

पहिलं वर्षभर पुरुष टेबलावरून उठून जायचे.
बाई, परकी, आणि म्हणते डोळे मीट!
मग गलबतं बांधणाऱ्या एका सुताराचा सडलेला पाय काढला.
तो जागा झाला, शिव्या दिल्या, पाणी मागितलं.
दुसऱ्या दिवशी दारात रांग.

प्रत्येकाला त्याच्या भाषेत उलटे आकडे:
अरबी, स्वाहिली, बलुची, मल्याळम.
रस्त्याच्या कामावरच्या आमच्या पोरांसाठी मराठी मी शिकवली.
तिच्या जिभेला प नाही.
मी परुळेकर, तिच्या तोंडी बारुलेकर.
दहा, नऊ, आठ, सात, सहा एकदम चोख.
पुढचा 'बाच'.
बिघडलं काहीच नाही. तिथवर जागा असतो कोण?

आमच्यात चुकीलाही भूलच म्हणतात, हे सांगितलं
तर ती हसली नाही.

निरोपाच्या दिवशी वालींनी ढाल दिली,
भाषणात 'पहिली' हा शब्द सातदा आला,
अकरा हजार माणसं झोपवली म्हणाले.
ती माझ्याकडे झुकली.
"दोघं उठली नाहीत.
सलमा बिंत खमीस. आणि तुमचा तो धोंडू."
धोंडूचं आडनाव तिला ठाऊक नव्हतं.
मला होतं. मी गप्प राहिलो.

त्याच्या आदल्या वर्षी माझा हर्निया.
तिनं तोंडावर मुखवटा ठेवला, आकडे सुरू केले.
मी नखं तळव्यात रुतवून धरली.
सात गेला. सहा, विहिरीतून आल्यासारखा.
मला पुढचा ऐकायचाच होता.

बाच,
म्हणाली ती, अगदी हळू,
कोणी ऐकत नाही अशा खात्रीनं.