टाच

मिरग जवळ आला की मी तिकिटांचा डबा काढतो.
भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी बदलतो,
पानं एकेक करून उन्हाला दाखवतो, उन्हात ठेवत नाही.
खाडीची हवा कागद सोडत नाही,
आणि कसरीला अमेरिका काय नि आंबेत काय.

सगळी जुनी, गल्लीबोळातल्या टपालाची.
सरकारी पत्र तेव्हा पोस्टापर्यंतच यायचं;
पुढे कुणीतरी उठायचा, पिशवी अडकवायचा,
दोन सेंटांत दारात येऊन हाक मारायचा.
तिकीटही घरचंच छापलेलं:
चकचकीत निळा कागद, काळी शाई,
धावणारा माणूस, एक पाय हवेत.
मग कायदा आला. माणूस थांबला.
पाय तसाच.

अशी अकरा आहेत.
अकरावं हुसेन सारंगांनी दिलं,
रेडिओच्या दुरुस्तीपोटी.
बाल्टिमोरच्या गोदीमागे जुनंपानं विकणारी एक बाई होती म्हणे,
तिने सुट्या पैशांऐवजी हातावर ठेवलं.
चाळीस वर्षं पेटीत, अत्तराच्या रिकाम्या कुपीशेजारी.
अजून वास येतो.

तपासायला पाठवलं. सात महिने गेले.
उत्तर आलं, तीन ओळींचं:
नकली. अस्सल ठशात उजवी टाच रेघेला टेकते.
तुमच्या तिकिटात टेकत नाही.

त्या पाकिटावर चार खरी तिकिटं होती, शिक्क्यासकट.
तीही मी भिजवून सोडवली.
सवय.

हुसेनभाईंना सांगितलं नाही.
सांगितलं ते भागोजी चोगल्याला, तरीवर.
बाणकोटचं पत्र पलीकडे बागमांडल्याला जायचं
तर महाडवरून चार दिवस फिरून;
भागोजीचा बा ते टोपीत खोचून न्यायचा,
वाटाभर सुकटीवर.
तिकीट? हसला. म्हणाला, टोपीला कोन शिक्का मारनार?

मी भिंग दिलं. त्याने एक डोळा मिटला,
होडी हलत होती, भिंग हलत होतं,
निळ्यावर तो काळा माणूस हलत होता.
बराच वेळ पाहिलं.

"पान्यावरना धावतोय ना ह्यो," म्हणाला,
"टाच टेकंल कशी?"

आणि वल्हं उचललं,
कारण पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं.