शंखासुराचे संवाद

मनामात, बाब-अल-बहरीनच्या मागच्या गल्लीत
माझं टायपिंग सेंटर. म्हणजे माझी फक्त खुर्ची.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टची तक्रार.
लोक आपापल्या भाषेत रडतात,
मी ते उजवीकडून डावीकडे टाइप करते.

एका गुरुवारी कोचरेकर आला.
सलमाबादला एसीचे डक्ट बसवतो,
बोटांना पत्र्याचे काप. म्हणाला,
"बाय, एक नाटक टाइप करून व्हया."

दशावतार. हॉल ठरलेला, ईदची सुट्टी.
परवानगीला संहिता लागते, अरबीत, तीन प्रती.
लेखकाचं नाव? तो हसला.
"लिवलेला खंय असता? उभो रवलो की येता."

तरी लिहीत गेले. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी नाचतात,
सरस्वती मोरावर, मोर म्हणजे कमरेला बांधलेला पिसारा.
मग काळा झगा, काळा मुखवटा, लाल लोंबती जीभ.
शंखासुर वेद चोरतो आणि लोकांना हसवतो.
काय बोलून?
"ता त्या रातीकच म्हायत."

मी टाइप केलं: येथे शंखासुर बोलतो.
आणि अर्धं पान कोरं सोडलं.

पलीकडच्या टेबलावर साबरी, कैरोचा, चहात चार चमचे साखर.
त्याचा पणजोबा दिव्यापुढे कातडी बाहुल्या नाचवायचा.
म्हणाला, फार पूर्वी एका सुलतानाने
सगळ्या बाहुल्या चौकात जाळल्या.
मग?
मग काय. भिंत होती, दिवा होता.
सावली कुठे जळते?

रात्री गुदैबियाच्या खोलीत
ते अर्धं पान डोळ्यांपुढून हलेना.
ग्रीसच्या डोंगरउतारावर बोकडाचं कातडं पांघरलेले,
लंडनला ओठ रंगवून राणी झालेलं पोर,
क्योटोचा म्हातारा, इतका सावकाश चालणारा
की एका पावलात ऋतू बदलावा,
आमच्याकडचा शालू नेसून विडी ओढणारा स्त्रीपार्ट.
आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी
शिकारीहून परतलेला कोणी एक,
ज्याने शेकोटीपुढे हरणासारखी मान वळवली,
बाकीचे दचकले, मग हसले.
त्याच्याकडे कोणी मागितल्या असतील तीन प्रती?

कार्यालयातला माणूस तरुण, पेनाचं टोपण चावणारा.
कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, इथे काय?
विनोद.
कोणता?
माहीत नाही.
कोणाला माहीत आहे?
मी कोचरेकरकडे पाहिलं. तो छताकडे, डक्टकडे बघत होता.
"गळता हा," तो म्हणाला.

माणूस जरा थांबला. त्याचा आजोबा
मोती काढणाऱ्या गलबतावर गायचा,
तोही म्हणे कागदावरून गात नसे.
हे त्याने स्वतःहून सांगितलं,
आणि मग लाल शाईने लिहिलं:
या पात्राने बोलू नये.
शिक्का. शिक्का. शिक्का.

ईदच्या दुसऱ्या रात्री पखवाज, झांज,
पायपेटी चर्चमधून उसनी आणलेली.
शंखासुर आला. उभा राहिला.
बोलला नाही.
पहिल्या रांगेत तो तरुण, पांढराशुभ्र थोब, मांडीवर माझी प्रत.
शंखासुराने चोरलेली पोथी उघडली,
पान उलटलं, उलटलं, एका पानाशी अडला.
पालथं केलं. झटकलं.
उजेडासमोर धरलं. कानाला लावलं.
मागून एक पोर हसलं. मग मधल्या खुर्च्या.
मग पहिली रांग, जरा उशिरा,
टोपण दातांत धरून.

विष्णूने त्याला मारलं, दर वेळी मारतो तसंच.

पहाटे कॅम्पच्या बसच्या पायरीवर
कोचरेकर बूट घालत होता. सहाची शिफ्ट.
विचारलं, बोलायचं असतं तर काय बोलला असतात?
त्याने विचार केला. खरोखर केला.
"आता आठवणा नाय."

मुखवट्याचा काळा रंग घामाने उतरून
एका कानामागे राहिला होता.
सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.