पेन्सिलीएवढी धार

डिसेंबर लागताच नगरपालिकेचं पत्रक घरोघर गेलं:
स्वयंपाकघरातला थंड नळ आजपासून बंद करू नये.
पेन्सिलीएवढी धार रात्रंदिवस सोडून ठेवावी.
कधी थांबायचं ते कळवू.
खाली ओडेटची सही, आणि माझा फोन नंबर.

उत्तर ओंटारिओत, उणे अडतीसमध्ये,
आमचं गाव असंच जगतं.
चारशे बारा नळ, चारशे बारा पेन्सिली,
आणि माणसाच्या उंचीहून खोल एक पाइप,
ज्याला थांबायची परवानगी नाही.

मी इथला पाणीवाला.
माझ्या पिकअपमध्ये वाफेचं यंत्र असतं,
फावडं, टेप, आणि छातीपर्यंत येणारी एक किल्ली.
ती जमिनीत घालून फिरवली
की घर चालू होतं, किंवा बंद.

ऑक्टोबरच्या सभेत ठराव झाला:
मुख्य वाहिनीपासून अंगणाच्या कडेच्या व्हॉल्व्हपर्यंत गावाचं,
तिथून पुढं ज्याचं घर त्याचं.
तीन विरुद्ध दोन.
तिसरा हात क्लेमाँ लाशापेलचा.
उशिरा वर गेला, पण गेला.
"सगळं सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच होत नाही,"
तो म्हणाला. खोटं नव्हतं ते.
दुरुस्तीची बिलं
मीच टेबलावर नेऊन ठेवली होती.

जानेवारीत ऐली राउतियोचा नळ गेला.
वय ब्याऐंशी. धार सोडली नव्हती तिनं.
"सोडते मी," ती म्हणाली,
"पण चाळीस वर्षं नवरा माझ्यामागं फिरून
नळ घट्ट करायचा. आता माझाच हात जातो."

मी तार घातली, मोजलं.
बर्फ व्हॉल्व्हच्या पलीकडं,
एका हाताच्या अंतरावर.
हातमोजा काढून पुन्हा मोजलं.
तेवढंच.

यंत्र पिकअपमध्येच राहिलं.
प्लंबर तीन तासांवर,
त्याच्या वहीत ऐलीच्या आधी एकोणीस नावं.
डोनटच्या दुकानात लोक म्हणाले,
मोजमापात कुठंतरी पाणी मुरतंय.
म्हणाले, क्लेमाँ तिला पाण्यातच पाहतो,
कुंपणावरचा तो बर्च तोडला तेव्हापासून.
मी कॉफी घेतली आणि काही बोललो नाही.
ज्या किल्लीनं मी गाव चालू-बंद करतो
ती एका हातानं तोकडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून
एक पिवळी रबरी नळी गेलेली दिसली,
जुन्या स्लीपिंग बॅगांत गुंडाळलेली,
वायरनं जागोजागी आवळलेली,
क्लेमाँच्या तळघरातून ऐलीच्या तळघरात.
बर्फात गुडघ्यांच्या खुणा होत्या.
एकाच माणसाच्या.

तो दारात उभा होता, टोपी नाही, नाक लाल.
विचारलं, "फेब्रुवारीत ठराव बदलायला आणायचा का?"
"कशाला? ठराव बरोबर आहे."
"मग हे काय?"
नळीकडं न बघता म्हणाला,
"हे व्हॉल्व्हच्या पुढचं आहे."

आता त्याचं मीटर दोन घरांचं फिरतं.
बिलाच्या फॉर्मवर रकाना एकच: ग्राहकाचं नाव.
मी दोन्ही लिहिली,
पेन्सिलीनं,
खोडता येतील अशी.

परवा ऐलीचं पत्र आलं पालिकेत,
व्यवस्थित, तारीख घालून:
कॉफीला रबराचा वास येतो.
ओडेटनं नोंदवहीत तक्रार क्रमांक सात टाकला,
मग चष्मा वर करून मला विचारलं,
"ही कुणाच्या हद्दीत घालू?"

कचेरीच्या मोरीत आमचीही धार चालू होती.
आम्ही दोघं थोडा वेळ
तीच ऐकत बसलो.