किती दिवसांचा माल

सावद्याच्या पिकवण-खोलीत बावीस वर्षं झाली मला.
डोळे बांधा, दार किलकिलं करा,
वासावरून सांगतो:
ही फणी दोन दिवसांची, ती चौथ्यावर,
कोपऱ्यातल्या क्रेटला टिपके पडलेत,
आजच काढा, दिल्लीपर्यंत टिकायची नाही.
शेठ म्हणतात, इंगळेचं नाक म्हणजे मशीन.

त्याच नाकाखाली
माझी हेमाक्षी पिकत होती.

ऑक्टोबरचा उकाडा,
म्हणून तहानेचं कुणाला काही वाटलं नाही.
माठ दुपारीच तळाला जायचा.
रात्रीतून चारदा परसात,
आई बॅटरी धरून मागे.
फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला
तर मावशी म्हणाली, पोरगी लांबली वं, म्हनून बारीक दिसते.
मग पोट दुखलं. मग उलट्या.
पित्ताची गोळी आणली, तीही ओकली.
रविवारी पहाटे तिचा श्वास असा चालायला लागला
जशी फैजपुरापासून पळत आलीय,
आणि ती तर गोधडीतून हललीच नव्हती.
तोंडाशी तोंड नेलं.
गोड, पिकलेला वास.
मला वाटलं,
माझ्याच शर्टाचा.

जळगावात एक शिकाऊ डॉक्टरीण, वाणी आडनावाची,
वाकली, एकदाच हुंगलं,
आणि चपला फटफटवत पळाली.
बोटाला सुई. यंत्रावर आकडे.
साखर पाचशे ऐंशी, काका.
कीटोन सहाच्या वर.
रक्त आंबट झालंय.

मी म्हटलं, एवढी साखर, तर पोरगी वाळली कशी?

रात्रीचे दोन. तिने माझ्या बाहीवरचे
चिकाचे काळे डाग पाहिले, आणि स्टूल ओढलं.
समजा, यार्डात गाड्या भरून उभ्या आहेत,
हमालच आले नाहीत.
माल दारात सडतोय, घरात चूल उपाशी.
मग घर काय करतं?
खाट जाळतं. दाराची चौकट जाळतं. आढं जाळतं.
ती चरबी. आणि त्याचा जो धूर कोंडतो
तो कीटोन.
हमाल म्हणजे इन्सुलिन. हिच्याकडचे संपले.
तो खोल श्वास? शरीर खिडक्या उघडतंय, काका.

शेजारच्या खाटेवर चोपड्याचा एक माणूस,
चार दिवस नुसती दारू, अन्नाचा कण नाही.
त्यालाही तोच वास. साखर मात्र जेमतेम.
त्याला वेगळी बाटली लावली.
हिची आई घाबरून विचारते,
मी नवरात्राचे नऊ दिवस धरते, मग माझ्यातबी?
होतात थोडे, मावशी. एक, कधी दोन.
पण तुमचे हमाल कामावर आहेत,
ते आग चुलीबाहेर येऊ देत नाहीत.

सकाळी म्हणाली, साखर उतरतेय,
आता पोटॅशियमवर डोळा ठेवायचा,
ते घसरलं तर काळीज अडखळतं.
मी उठलोच. पोटॅशियम? ते तर केळ्यात!
मी ट्रक मागवतो ताई.
रात्रभरात पहिल्यांदा हसली ती.
आत्ता नको. आत्ता बाटलीतून, थेंब मोजून.

मोजले मी. काय करणार दुसरं.
एका मिनिटाला किती, दोन मिनिटांत किती.
साखर लवकर खाली आली, आंबटपणा हट्टी,
तो दुसऱ्या रात्रीपर्यंत रेंगाळला.
कधीतरी तिचा श्वास सावकाश झाला,
आणि ती म्हणाली, पप्पा, तुमच्या अंगाला वास येतो.

आता चार वेळा सुई, तीच टोचून घेते.
ताप आला, उलटी झाली, तरी सुई चुकवायची नाही,
कीटोन तपासायचे, हे भिंतीवर लिहिलंय, तिच्याच अक्षरात.
मी गोदामातून आलो की कोपरापर्यंत साबण लावतो,
शर्ट बाहेरच्या दोरीवर टाकतो,
मगच उंबरा.
ती लसणाची चटणी खाऊन तयार असते,
माझ्या तोंडावर जोरात हा करते:
सांगा, किती दिवसांचा माल?

कच्चा, मी म्हणतो.
कच्चाच आहे अजून.