निळ्या मोजताना

पाषाणच्या आमच्या लॅबमध्ये
जिवंत कोण, मेलेलं कोण, हे ठरवायची रीत साधी आहे.
पेशींवर निळा रंग सोडायचा.
जिवंत असते ती रंगाला दारातच नको म्हणते.
मेलेली काहीच म्हणत नाही,
निळी होते.

काचेवरच्या चौकोनांत डोळा घालून बसते मी,
उजव्या हातात जिवंतांचा काउंटर, डाव्यात मेलेल्यांचा.
टक्. टक्.
बाहेर सूसकडून आलेली शेवटची बस वळते.

या पेशी साळवेकाकांच्या.
व्हिक्टर साळवे, खडकी बाजार,
दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं फ्यूज तपासले.
त्यांच्याच रक्तातल्या टी-पेशींना
आम्ही एक नवा चेहरा ओळखायला शिकवला.
आता सदतीस अंशांत, गुलाबी पाण्यात
त्या वाढतायत.
म्हणजे, वाढायला हव्यात.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं,
"माझ्याच पोरांना बंदुका देणार तर?"
बंदुका नाही काका.
टी-पेशी जाऊन चिकटते,
भिंतीला बारीक भोकं पाडते,
आत दोन-चार चिठ्ठ्या सरकवते.
मरायचं काम समोरची स्वतःच करते.
कसं मरायचं ते प्रत्येकीला जन्मापासून पाठ असतं,
कॅन्सरची तेवढी विसरलेली असते,
किंवा विसरल्याचं सोंग करते.

काका सलाईनच्या नळीकडे बघत राहिले.
"डड," म्हणाले.
"न फुटणाऱ्या गोळ्याला आमच्याकडे डड म्हणायचे.
फुटून गेला त्याची भीती नसते, पोरी.
पडून राहिला त्याची असते."

नवव्या दिवशी अर्ध्याअधिक निळ्या निघाल्या.
डावा अंगठा दुखायला लागला.
गानू मॅडमनी खुर्ची ओढली, स्वतः मोजलं,
मग म्हणाल्या, "फार चिडवल्यास गं."
सारखं लढ, लढ म्हटलं की
टी-पेशीच्या अंगावर ग्रेनेडसारखी पिन उगवते.
हिची शेजारणीने ओढायची, शेजारणीची हिने.
फ्लास्कमध्ये शत्रू कुणीच नसतो.

त्या रात्री भावाला फोन केला.
सदाशिव पेठेतली अभ्यासिका, परीक्षेची पाचवी खेप,
आणि दर रविवारी घरून तेच: आणखी एकदा, बस एकदा.
मी फक्त जेवलास का विचारलं.
तो म्हणाला, हो.
दोघंही थोडा वेळ फोन धरून होतो.

पुन्हा सुरुवात केली. या खेपेला कमी.
एक दिवस चेतवायच्या,
दोन दिवस नुसत्या राहू द्यायच्या.

नाताळच्या आधीच्या मंगळवारी बॅग गेली,
चहाच्या कपात मावेल एवढीच.
चौथ्या रात्री ताप एकशे चार.
एस्तेरबाई कॉरिडॉरमध्ये बायबल उघडून बसलेल्या,
पान उलटत नव्हत्या.
निवासी डॉक्टर म्हणाला, ताप म्हणजे काम चाललंय.
चाललंय ते दिसतच होतं.
थांबणार केव्हा, ते कुणी बोलत नव्हतं.
जिंकूनही मरायला तयार नसलेलं सैन्य
कुठल्या घरात ठेवणार?

सातव्या दिवशी ताप उतरला.
मग दर महिन्याला एक नळी रक्त,
आणि त्यात आमच्या पेशी:
हजारांत, शेकड्यांत, मग बोटांवर.
मी आकडे घेऊन धावले.
"मरू देत," मॅडम म्हणाल्या, "काम झालं त्यांचं.
थोड्या उरतात. लक्षात ठेवायला."
थोड्या म्हणजे किती पुरतात?
मॅडमनी चष्मा पुसला.

मार्चमध्ये काका आले, नवी टोपी,
पिशवीत खडकी बाजारातली खारी.
"माझी पोरं कुठायत?"
बहुतेक घरी गेली, काका.
"पंच करून गेली ना?"
हो म्हटलं.
ते हसले, हसता हसता खोकले,
आणि आम्ही दोघांनीही खोकल्याचं काही काढलं नाही.

आज त्यांचा सहावा नमुना.
मी काच पुसते,
निळा थेंब सोडते
आणि थांबते,
आत कोण अजून नको म्हणतंय ते ऐकायला.